गोजरबाईंचा पंखा

माझ्या सासूबाईंना विमानाचा राग नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर गावात नको नको ते बोललं गेलं. पोराचं उडणं म्हातारीच्या डोळ्यांत खुपत होतं म्हणून तिनं तसं केलं, असं सांगत फिरणाऱ्यांत आमची शेजारीण रंगुबाई सगळ्यांत पुढं होती. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? पण त्या दिवसांत घरात मी होते, रंगुबाई नव्हती.

सासूबाईंचं नाव गोजरबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. माहेर पाथर्डीकडचं, कोरडं ठाक. त्यांचे भाऊ दर साल कोयते घेऊन ऊसतोडीला बाहेर पडायचे. लग्न होऊन त्या नेवाशाच्या बाजूला आमच्या वस्तीवर आल्या, तेव्हा विहिरीला बारमाही पाणी बघून त्यांना वाटलं, आता आपल्याला कशाची ददात नाही. पण त्या विहिरीनंच घात केला. मोटेचा नाडा, म्हणजे मोट ओढायचा जाड दोर, झिजला होता. आत्याबाईंनी नवऱ्याला सांगितलं की नाडा बदला. मामंजी म्हणाले, "चार दिस निघतील अजून." विहिरीच्या काठावर वाकून भरलेली मोट आपल्याकडं ओढून घेताना नाडा तुटला आणि मोटेबरोबर तेही गेले. पदरात एक लहान पोरगा ठेवून. नाडा काही सोन्याचा नव्हता, शेजारच्या सोनईच्या बाजारात मिळत होता.

तेव्हापासून झिजलेली वस्तू घरात दिसली की आत्याबाईंच्या जिवाची तगमग व्हायची. पोहऱ्याचा दोर, बैलांचे कासरे, शिंक्याची दोरी, पाळण्याची दोरी, सगळ्यांवरून त्यांचा हात फिरायचा. एक पीळ सुटलेला दिसला की ती दोरी चुलीत. घरात मीठ नसलं तरी चालेल, पण दोर नवा पाहिजे. मी मॅट्रिक झालेली नगरची मुलगी, मला सुरुवातीला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. एकदा मी त्यांना म्हणाले, "आत्याबाई, माणूसही झिजतं, त्याला कुठं टाकता?" त्या उठून पोहऱ्याचा दोर तपासायला गेल्या. पुन्हा मी तसं बोलले नाही.

अशा बाईच्या दारात विमान आलं.

माझ्या नवऱ्याचं नाव गोरक्षनाथ. लिहायचं म्हणून लिहिलं, घरात मी कधी घेतलेलं नाही. हवाई दलाच्या वर्कशॉपात ह्यांनी काही वर्षं नोकरी केली, मग एका फ्लाइंग क्लबात उडायला शिकले. त्या क्लबानं आपली जुनी विमानं विकायला काढली, तेव्हा ह्यांनी त्यातलं एक घेतलं. टायगर मॉथ. इंग्रजांच्या वेळचं, एकावर एक असे दोन पंख, आत लाकूड आणि वरून कापड. उसावर पाकोळीची कीड पडली की वरून औषधाची पावडर मारायची, साखर कारखाना एकरामागं पैसे देणार, असा बेत होता. विमान ट्रॅक्टरपेक्षा स्वस्त पडलं, हे ते येईल त्याला सांगायचे. मलाही अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू? माझ्या मैत्रिणींचे नवरे तलाठी नाहीतर मास्तर होते.

स्वस्त का पडलं ते पहिला टायर गेला तेव्हा कळलं. विमान बनवणाऱ्यांनी ते बनवायचं कधीच सोडलं होतं. सुटे भाग विलायतेत कुणाकुणाच्या गोदामात उरलेले. ते मागवायचे तर आधी परकीय चलनाची परवानगी, मग त्याची किंमत, मग बोटीचं भाडं, मग जकात. एका मॅग्नेटोच्या पायी, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या डबीच्या पायी, आमच्या दोन्ही म्हशी गेल्या. आमचा सालगडी भीमा म्हणायचा, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हे त्याच्यावर चिडायचे, पण चिडून मसाला स्वस्त होत नव्हता.

माळाच्या कडेला विमानासाठी शेड बांधली होती, आत्याबाई रोज सकाळी त्या शेडात जायच्या. दोन्ही पंखांच्या मध्ये ज्या तारा ताणलेल्या असतात त्यांच्यावरून हात फिरवायच्या, जसा कासऱ्यावरून फिरवायच्या तसाच. एखादी तार खरखरीत लागली की म्हणायच्या, "गोरख, ही झिजलीया. बदल." हे म्हणायचे, "बदलू, आये." तो 'बदलू' शब्द ऐकून आत्याबाईंचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलंय. जन्मभर जी बाई झिजलं की टाका म्हणत आली, तिच्या पोराचा जीव आता अशा वस्तूंवर टांगलेला होता ज्या झिजल्या तरी टाकता येत नव्हत्या. विमान वर गेलं की त्या ओट्यावर बसायच्या आणि खाली येईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत.

मग सत्तर सालच्या सुरुवातीला विमान उतरताना चाक खड्ड्यात गेलं, नाक जमिनीवर आपटलं आणि पुढचा पंखा टोकाला फुटला. तोही लाकडाचाच. हे सुखरूप होते, पण पंख्यावाचून विमान म्हणजे बैलावाचून गाडी. नवा पंखा मागवला. त्याच्या किमतीत खिलारी बैलजोडी आली असती आणि वर गाडीही. यायला वर्ष उलटून गेलं. तेवढे दिवस आत्याबाई पोटभर जेवल्या. मीही शांत झोपले, हे कबूल करते.

एकाहत्तरच्या दसऱ्याआधी पंखा आला. लांबलचक खोक्यात, कागदाच्या कातरणात, गुळगुळीत तांबूस लाकूड आणि कडेला पितळी पट्टी. ह्यांनी तो देवापुढं गोधडीवर ठेवला. आख्खा गाव बघायला आला. रंगुबाई आली, तिनं पंख्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बया, ह्या लाकडाच्या पैशात माझ्या दोन्ही पोरी उजवल्या असत्या." तिच्या पोरी खरंच उजवायच्या होत्या. ती गेल्यावर आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या घेऊन पंख्याची दृष्ट काढली. मोहऱ्या लई तडतडल्या म्हणाल्या. मी हसले.

पुण्याहून इंजिनियर आले, पंखा बसवला, कागदावर सही करून गेले. आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे नांगर, कोयते, कुऱ्हाडी, जे जे हातात धरून पोट भरतो त्याची पूजा होते. मी पुरण वाटत बसले होते. आत्याबाई पूजेचं ताट घेऊन शेडाकडं गेल्या. पुढचं मला नंतर कळलं, पण इथंच सांगते. नवी बैलगाडी आली की तिच्या जुवात घोड्याच्या नालेचा खिळा ठोकायचा आणि वर तेलात कालवलेला शेंदूर थापायचा, म्हणजे नजर लागत नाही, अशी आमच्या घरची रीत. घरात एवढी महागाची वस्तू कधी आली नव्हती आणि एवढ्या लोकांची नजरही कधी कशावर पडली नव्हती. लाकूड ते लाकूड. आत्याबाईंनी पंख्याच्या मधल्या भागाजवळ तो खिळा डोक्यापर्यंत आत ठोकला आणि वर शेंदराचा जाड टिळा लावला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी शेंदूर पाहिला. आईनं लावलेला शेंदूर कोण पुसणार? तसंच विमान काढलं आणि धुरळणी सुरू झाली.

कारखान्याचे शेतकी अधिकारी एका सकाळी आमच्याकडे चहाला आले. पाकोळी जोरात होती, उसाची पानं काळी पडत चालली होती, आणि साहेबांना घाई होती. चहा पिता पिता त्यांनी एक कल्पना काढली. कारखान्याच्या नावाची पितळी पाटी करून पंख्यावर ठोकावी, म्हणजे फोटोत छान दिसेल. हे खोखो हसले. मग समजावून सांगू लागले. पंखा मिनिटाला दोन हजार फेरे घेतो. त्यात एक खिळा मारला तर त्या भोकापासून लाकडाला चीर जाते, ती आतल्या आत वाढत राहते, आणि एक दिवस वर असताना पातं निखळतं. मग राहिलेलं पातं इंजिनाला असं हादरवतं की इंजिनच जागेवरून सुटून येतं. "पुढं?" साहेबांनी विचारलं. हे म्हणाले, "पुढं काही नाही." दोघंही उठले आणि शेडाकडं गेले.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. हातात साहेबांची रिकामी बशी होती. त्या तेव्हाच का बोलल्या नाहीत? मी त्यांना हे कधी विचारलं नाही, पण मला माहीत आहे. परक्या माणसापुढं पोराला कमीपणा येईल, साहेब गेले की सांगू, असं त्यांनी क्षणभर मनात धरलं. तेवढ्यात इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. बशी खाली पडली. त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "विजे, पंख्यात खिळा हाय. म्या मारलाय."

आम्ही धावलो. शेडापर्यंत पोचलो तोवर विमान माळावरून उचललं गेलं होतं. वर गेलेल्या माणसाला हाक कशी मारायची? मी तिथंच उभी राहिले. आत्याबाई थांबल्या नाहीत. त्यांनी लुगड्याचा काष्टा आवळला आणि उसाकडं निघाल्या.

धुरळणीच्या वेळी बांधावर भीमा पांढरं निशाण धरून उभा राहायचा. विमान त्या निशाणावर नेम धरून अगदी खाली यायचं, पावडर सोडत जायचं, मग भीमा दहा-बारा पावलं बाजूला सरकायचा. शेतात चुकून माणूस असलं किंवा काही बिघडलं तर दाखवायला त्याच्या कमरेला एक लाल फडकं बांधलेलं असायचं. ते त्याला कधी लागलं नव्हतं. आत्याबाईंनी ते त्याच्या कमरेचं ओढून काढलं आणि बांधावर मधोमध उभ्या राहिल्या.

विमान समोरून येत होतं. त्या दोन्ही हातांनी फडकं हलवत होत्या. मी मागं उभी राहून त्या गोल फिरणाऱ्या पंख्याकडं बघत होते आणि मनात एकच म्हणत होते, इथपर्यंत तरी ये, इथपर्यंत तरी. विमान डोक्यावरून गेलं. पावडर आमच्या अंगावर पडली, डोळ्यांत गेली. ह्यांना आई दिसली होती की नुसतं लाल दिसलं होतं कोण जाणे. पावडर बंद झाली, विमान वळलं आणि माळाकडं गेलं. माळ उसाच्या पलीकडं होता, त्यामुळं उतरताना दिसत नव्हतं. आवाज बारीक झाला, मग बंद पडला. आत्याबाईंनी माझा हात धरला होता. माळाकडं पळत गेलेला भीमा पलीकडून ओरडला, उतरलं. तेव्हा त्यांनी तो सोडला.

आम्ही पोचलो तर हे चिडून खाली उतरत होते आणि कोण मेलं म्हणून विचारत होते. आत्याबाईंनी सगळं एका दमात सांगितलं, साहेबांच्या देखत. ह्यांनी अंगठ्यानं शेंदूर पुसला. खाली खिळ्याचं डोकं होतं आणि त्याच्यापासून निघालेली केसाएवढी चीर, बोटाच्या पेराएवढी लांब. हे पंख्याला टेकून खाली बसले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुपारी पंखा उतरवून घरी आणला आणि ओट्यावर घोंगडीवर ठेवला. शेतकी अधिकारी पुन्हा येऊन गेले. आठवड्यात काम झालं नाही तर कारखाना दुसरीकडून विमान मागवील, मग पुढच्या हंगामाचंही विसरा, असं गोड शब्दांत सांगून गेले. नवा पंखा मागवायचा तर पुन्हा परवानगी, पुन्हा वर्षभर वाट, आणि विकायला आता जमिनीशिवाय काही नव्हतं. रात्रभर हे कूस बदलत होते. सकाळी उठले ते वेगळेच माणूस होऊन. खिळा काढू, भोकात सरस भरू, वरून कापडाची पट्टी गच्च गुंडाळू. नगरला लाकूड चिकटवायचा चांगला सरस मिळतो, मी आणतो म्हणाले. इंजिनियर? त्यांना कशाला सांगायचं? मी म्हणाले, काल साहेबांना तुम्हीच काय सांगितलंत ते आठवा. ते म्हणाले, समजावून सांगताना माणूस थोडं वाढवून सांगतो. मी रडले, भांडले, माहेरी जाईन म्हणाले. काही उपयोग झाला नाही.

आत्याबाई चुलीपुढं बसून सगळं ऐकत होत्या. ते मोटरसायकल काढायला लागले तेव्हा बाहेर आल्या.

"गोरख, तू वर असताना ते फुटंल का?"

"बहुतेक न्हाई, आये. हा हंगाम तर निघंल." मग आईचा चेहरा बघून समजूत घालावी तसं म्हणाले, "चार दिस निघतील."

हे शब्द त्यांनी कुठून आणले? वडील गेले तेव्हा ते दुपट्यात होते, आणि आत्याबाईंनी ती गोष्ट मला सांगितली होती, मुलाला कधीच नाही. आत्याबाई मोटरसायकल पाटाच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि कुऱ्हाड घेऊन आल्या. खंडेनवमीचं हळदी-कुंकू तिच्या दांड्यावर अजून होतं.

मला कळलं. मी ओट्याच्या पायरीवर उभी होते, हात पुढं केला असता तर कुऱ्हाड धरता आली असती. माझ्या डोळ्यांपुढं बैलजोडी आली, म्हशी आल्या, वर्षभर पाहिलेली वाट आली. त्याच पंख्यावर आमचा संसार उभा राहायचा होता. मी पायरीवरून खाली उतरले आणि त्यांना वाट करून दिली.

ते लाकूड सहजासहजी तुटणारं नव्हतं. पहिले घाव नुसते उसळून आले. आत्याबाईंचं वय झालेलं, दम लागला की त्या कुऱ्हाडीवर टेकून उभ्या राहायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. शेवटी खिळ्याजवळच फुटलं, चिरेतूनच, आणि तिथून पुढं सोपं गेलं. आवाजानं रंगुबाई कुंपणाशी आली आणि तोंडावर पदर घेऊन तिथंच थिजली. आत्याबाईंनी तिच्याकडं पाहिलंही नाही. सगळ्या ढलप्या गोळा करून त्यांनी पाणी तापवायच्या चुलाण्यात घातल्या, वर हंडा ठेवला आणि समोर बसून राहिल्या. हातांना फोड आले होते. मी तूप लावायला गेले तर म्हणाल्या, राहू दे, आधी त्याला येऊ दे.

हे तिसऱ्या प्रहरी आले. सरसाचा डबा काखेत होता. ओट्यावर रिकामी घोंगडी दिसली, मग चुलाण्याकडं लक्ष गेलं. निखाऱ्यात पितळी पट्टी वाकडी होऊन पडली होती. मला वाटलं आता हे काय करतील, आणि मी आत्याबाईंच्या पुढं जाऊन उभी राहिले.

"आये," ते म्हणाले. "असा पंखा आता कुठं मिळायचा?"

आत्याबाई उठल्या. "नाडा सोनईत मिळत हुता," त्या म्हणाल्या, "तरी तुझ्या बानं घेतला न्हाई. पंखा विलायतेत मिळतो. तू कुठं मिळशील, ते मला सांग."

 ह्यांची नजर आईच्या फोड आलेल्या हातांवर गेली. सरसाचा डबा त्यांनी घोंगडीवर ठेवला. नाड्याचं काय, ते त्यांनी आईला नाही, मला विचारलं, आणि मी सांगितलं. ते न्हाणीतल्या दगडावर जाऊन बसले, सदरा न काढताच.

एवढ्या महागाच्या सरपणावर नगर जिल्ह्यात तोवर कोणी पाणी तापवलं नसेल. ते फार कढत झालं होतं. आत्याबाईंना तांब्या धरवत नव्हता, म्हणून पाणी मी ओतत होते आणि त्या शेजारी उभं राहून सांगत होत्या, भाजंल त्याला, विसण घाल. मी गार पाण्याचं विसण घातलं.